फाटकाशी थांबणारा पैसा

जुलै १९९९ ते डिसेंबर २००३ या साडेचार वर्षांत अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांतून ३०,२३७ माणसं सुटली. पुढे त्यांतली किती जगली, किती गेली आणि कशानं गेली, याचा माग काही डॉक्टरांनी मृत्यूच्या नोंदींमधून काढला. २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तो अभ्यास छापून आला. वय, लिंग आणि वंश जमेस धरून त्यांनी या माणसांची तुलना राज्यातल्या इतर रहिवाशांशी केली होती. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत या माणसांना मरणाचा धोका जवळजवळ तेरापट होता. अमली पदार्थांच्या अतिमात्रेनं मरण्याचा धोका तर १२९ पट होता.

यामागचं कारण शरीरातच आहे. हेरॉइन किंवा तशी अफूच्या जातीची द्रव्यं रोज घेणाऱ्याचं शरीर मोठ्या मात्रेला सरावत जातं. तुरुंगात माल मिळेनासा झाला की पहिले काही दिवस टर्कीचे जातात: अंग मोडून येतं, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. मग शरीर निवळतं आणि काही आठवड्यांत तो सराव मोडतो. ओढ मात्र तशीच राहते. माणूस सुटतो, जुन्या वस्तीत जातो, जुन्याच अंदाजानं जुनीच मात्रा घेतो आणि त्याचा श्वास थांबतो. हेरॉइनच्या कितीतरी पट जहाल असं फेंटानिल अमेरिकेच्या बाजारात आल्यापासून तर अंदाज चुकायला जागाच उरलेली नाही.

हे मरण टाळता येतं. मेथाडोनला व्यसनावरचं औषध म्हणून अमेरिकेत १९७२ साली मान्यता मिळाली, ब्युप्रेनॉर्फिनला २००२ साली आणि नाल्ट्रेक्सोनच्या महिनाभर टिकणाऱ्या इंजेक्शनला २०१० साली. पहिली दोन औषधं मेंदूतल्या त्याच जागा धरून ठेवतात जिथे हेरॉइन जाऊन बसतं. त्यामुळे टर्की लागत नाही, ओढ शमते आणि शरीराचा सरावही टिकून राहतो. तिसरं औषध त्या जागा अडवून ठेवतं. तिन्ही औषधं अभ्यासांच्या कसोटीवर उतरलेली आहेत. तरीही अमेरिकेतल्या बहुसंख्य तुरुंगांत वर्षानुवर्षं ती मिळत नव्हती. त्यामागे नैतिक आक्षेप होते, अज्ञान होतं, आणि या सगळ्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता: पैसे कोणी द्यायचे?

१९६५ सालचं एक कलम

३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिसुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स गावी जाऊन एका कायद्यावर सही केली. त्या कायद्यातून वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ आणि गरिबांसाठी ‘मेडिकेड’ हा आरोग्यविमा उभा राहिला. मेडिकेडचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून उचलतात आणि त्यात केंद्राचा वाटा किमान निम्मा असतो. राज्यांना ही योजना परवडते ती याच वाट्यामुळे.

या कायद्यात एक अपवाद घातला गेला. सार्वजनिक संस्थेत कैदी म्हणून असलेल्या माणसाच्या उपचारांसाठी केंद्राचा पैसा वापरता येणार नाही. तुरुंग चालवणं हे राज्यांचं आणि स्थानिक प्रशासनाचं पूर्वापार काम, तो बोजा केंद्रानं आपल्या अंगावर घेऊ नये, असा त्यामागचा विचार. पुढे यातून एकच वाट मोकळी राहिली: कैद्याला बाहेरच्या रुग्णालयात चोवीस तासांहून अधिक काळ दाखल करावं लागलं, तर त्या मुक्कामाचं बिल मेडिकेड देऊ शकतं.

याचा अर्थ असा, की गरीब माणूस फाटकातून आत गेला की त्याचा विमा बाहेर राहतो. गुन्हा सिद्ध झालेला असो वा नसो, जामिनाचे पैसे नाहीत एवढ्यासाठी तो आत असो, नियम तोच. अनेक राज्यांत त्याचं नावच विम्याच्या यादीतून कमी होई. सुटल्यावर पुन्हा अर्ज, पुन्हा कागदपत्रं, पुन्हा वाट पाहणं. ज्या दोन आठवड्यांत धोका सगळ्यांत मोठा, त्याच दोन आठवड्यांत औषधाच्या दुकानात त्याच्या नावावर विमा नसे.

दुसऱ्या बाजूनं १९७६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ‘एस्टेल विरुद्ध गॅम्बल’ या खटल्यात ठरवलं, की कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं ही राज्यघटनेनं मना केलेली क्रूर शिक्षा आहे. म्हणजे उपचार देणं बंधनकारक झालं, आणि ते ज्या पैशातून देता आले असते तो पैसा मात्र कायद्यानं अडवलेलाच राहिला.

खर्च एकाचा, बचत दुसऱ्याची

अमेरिकेत तुरुंग मुख्यतः दोन प्रकारचे आहेत आणि ते समजून घेतल्याशिवाय पैशाचा गुंता उलगडत नाही. लांबची शिक्षा झालेले कैदी राज्याच्या कारागृहांत असतात. अटक झालेले, खटल्याची वाट पाहणारे आणि थोड्या मुदतीची शिक्षा भोगणारे काउंटीच्या, म्हणजे ढोबळमानानं जिल्ह्याच्या तुरुंगात असतात. तो बहुधा निवडून आलेला शेरीफ चालवतो. राज्याच्या कारागृहाला राज्याचा खजिना पोसतो. काउंटीच्या तुरुंगाचा खर्च स्थानिक करांतून, मुख्यतः घरपट्टीसारख्या मालमत्ताकरातून येतो.

अमेरिकी न्याय विभागाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या २००७ ते २००९ या काळातल्या पाहणीनुसार राज्यांच्या कारागृहांतले ५८ टक्के आणि काउंटी तुरुंगांतले शिक्षा झालेले ६३ टक्के कैदी अमली पदार्थांच्या व्यसनाच्या किंवा गैरवापराच्या निकषांत बसत होते. म्हणजे तुरुंगाच्या दवाखान्यात हा सगळ्यांत मोठ्या आजारांपैकी एक होता आणि अंदाजपत्रकात त्याच्या नावाचं खातं नव्हतं.

अनेक काउंट्या तुरुंगाची आरोग्यसेवा खासगी कंपनीला ठरावीक रकमेवर देतात. औषध दिलं काय आणि न दिलं काय, रक्कम तीच राहते. अशा करारात महागडं औषध सर्वांत आधी कापलं जातं. ब्युप्रेनॉर्फिनच्या साध्या गोळ्या स्वस्त पडतात. त्याच औषधाच्या महिनाभर टिकणाऱ्या इंजेक्शनला मात्र २०१७ साली मान्यता मिळाली तेव्हा एका डोसची छापील किंमत दीड हजार डॉलरच्या वर होती.

खरी मेख पुढेच आहे. शेरीफनं आपल्या तुटपुंज्या रकमेतून औषधं दिली आणि सुटलेला माणूस जगला, तर रुग्णवाहिकेचा खर्च वाचला तो शहराचा, अतिदक्षता विभागाचा खर्च वाचला तो मेडिकेडचा, पुन्हा मोठी शिक्षा झाली नाही म्हणून पैसे वाचले ते राज्याचे. खर्च काउंटीच्या खात्यावर पडतो आणि बचत दुसऱ्यांच्या खात्यांत जमा होते. समाजाचा एकूण हिशेब मांडला तर उपचार फायद्याचे ठरतात, पण असा हिशेब मांडणारं एकच टेबल कुठेही नाही. चांगले, प्रामाणिक अधिकारीही या रचनेत हात आखडता घेतात.

भिंतीच्या आतल्या योजना

केंद्रानं कधीच पैसा दिला नाही, असं मात्र नाही. १९३५ साली केंटकी राज्यात लेक्सिंग्टनजवळ ‘नार्कोटिक फार्म’ नावाची अजब संस्था उभी राहिली: अर्धं कारागृह, अर्धं रुग्णालय. शिक्षा झालेले व्यसनी आणि स्वतःहून आलेले रुग्ण तिथे एकत्र राहत, शेतात आणि कारखान्यात काम करत, आणि डॉक्टर त्यांच्यावर उपचार व संशोधन करत. सगळा खर्च केंद्राचा. तिथून बाहेर पडलेले बहुतेक जण पुन्हा नशेकडे वळले. घरी परतल्यावर त्यांच्या गावात ना औषध होतं, ना दवाखाना, ना त्यासाठी पैसे. भिंतीच्या आत कितीही खर्च केला तरी भिंतीबाहेर काही नसेल तर तो वाया जातो, हा धडा सत्तरच्या दशकात ही संस्था बंद होईपर्यंत पुरेसा स्पष्ट झाला होता.

१९९४ च्या गुन्हेगारी नियंत्रण कायद्यानं नवा निधी आणला. कैद्यांसाठी निवासी व्यसनोपचार या नावानं तो ओळखला जातो. तीन हिस्से केंद्र देतं, एक हिस्सा राज्यानं घालायचा. कारागृहात वेगळी बराक, तिथे सहा ते बारा महिने गटचर्चा, समुपदेशन, शिस्त. याचा उपयोग अनेकांना झाला. पण वर्षाला काही कोटी डॉलर, आणि आत साधारण वीस लाख माणसं. शिवाय काउंटीच्या तुरुंगात माणूस अनेकदा काही दिवसच असतो. त्याला महिन्यांचा अभ्यासक्रम कसा लागू पडावा?

ऱ्होड आयलंडनं काय केलं

ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं क्षेत्रफळानं सर्वांत लहान राज्य. तिथे काउंटीचे वेगळे तुरुंग नाहीत. कच्चा कैदी असो वा शिक्षा झालेला, सगळे क्रॅन्स्टन इथल्या एकाच राज्य यंत्रणेच्या ताब्यात असतात. इतरत्र खर्च एका खात्यावर आणि बचत दुसऱ्या खात्यात जाते. इथे दोन्ही बऱ्याच अंशी एकाच राज्याच्या तिजोरीत येतात.

याच यंत्रणेत एक प्रयोग झाला होता. बाहेर मेथाडोन घेत असताना अटक झालेल्या काही कैद्यांचं औषध आतही चालू ठेवलं, तर इतरांचं नेहमीच्या पद्धतीनं हळूहळू बंद केलं. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. औषध चालू राहिलेल्या ११० जणांपैकी १०६ जण सुटल्यावर महिन्याच्या आत बाहेरच्या मेथाडोन केंद्रात पोचले. औषध बंद केलेल्या ८७ जणांपैकी ६८ जण पोचले. आत असतानाच धागा तुटला की बाहेर तो जोडायला अनेकांना जमत नाही.

२०१६ साली गव्हर्नर जीना रायमोंडो यांच्या सरकारनं या कामासाठी वीस लाख डॉलर अंदाजपत्रकात घातले. येणाऱ्या प्रत्येकाची तपासणी आणि गरजेप्रमाणे तिन्हींपैकी योग्य ते औषध. काम सोपवलं कोडॅक या ना-नफा संस्थेकडे, जिची उपचार केंद्रं राज्यभर आहेत. आत ज्या संस्थेनं औषध सुरू केलं तिच्याच बाहेरच्या केंद्रात पुढचा डोस मिळणार, अशी ही सोय होती.

हे पैसे कशावर खर्च होतात, हे औषधाच्या रांगेत उभं राहिल्यावर कळतं. औषधाला त्यातली एक छोटी रक्कम लागते. ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली विरघळायला काही मिनिटं लागतात. कैद्यांना ओळीनं बसवायचं, नर्सनं नाव आणि हातावरचा पट्टा ताडून प्रत्येकाच्या जिभेखाली औषध ठेवायचं, हात समोर दिसतील असे ठेवायला लावायचे. औषध विरघळेपर्यंत एका पहारेकऱ्यानं तिथेच उभं राहायचं. मग पाणी, अनेक ठिकाणी एखादं बिस्किट, आणि बॅटरीच्या उजेडात तोंडाची तपासणी. कारण गोळी गालात दडवून बराकीत विकली जाऊ शकते. मेथाडोन असेल तर कुलूपबंद पेटी, थेंबाथेंबाचा हिशेब आणि केंद्रीय परवाना. हे रोज, सुट्टीच्या दिवशीही. नर्सचा पगार, पहारेकऱ्यांचे जादा तास, समुपदेशक, आणि सुटणाऱ्याला बाहेरच्या केंद्राची वेळ घेऊन देणारा माणूस: खर्चाचा मोठा भाग या माणसांवर होतो. फक्त औषधाच्या किमतीची तरतूद करून काम सुरू करणारे तुरुंग म्हणूनच अर्ध्यावर अडतात.

ऱ्होड आयलंडचा निकाल लगेच दिसला. २०१६ च्या पहिल्या सहा महिन्यांत राज्यात अतिमात्रेनं १७९ मृत्यू झाले, त्यांतले २६ नुकतेच तुरुंगातून सुटलेल्यांचे होते. २०१७ च्या पहिल्या सहा महिन्यांत एकूण मृत्यू १५७, आणि नुकत्याच सुटलेल्यांचे ९. एकूण मृत्यूंमधलं त्यांचं प्रमाण जवळजवळ ६१ टक्क्यांनी घटलं. २६ वरून ९ हा आकडा लहान वाटेल, पण तो फक्त अर्ध्या वर्षाचा आणि एका छोट्या राज्याचा आहे.

न्यायालयांचा दट्ट्या

इतर राज्यांत हालचाल घडवली ती बरीचशी न्यायालयांनी. २०१८ साली मॅसॅच्युसेट्समध्ये मेथाडोनवर स्थिरावलेल्या एका माणसानं तुरुंगात जाण्यापूर्वीच दाद मागितली, की आत आपलं औषध तोडू नये. केंद्रीय न्यायालयानं ती मान्य केली. २०१९ साली मेन राज्यात ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या एका स्त्रीच्या बाजूनं असाच आदेश झाला आणि वरच्या न्यायालयातही तो टिकला. आधार होता १९९० च्या अपंगहक्क कायद्याचा: व्यसन हा आजार असेल तर त्यावरचं डॉक्टरांनी दिलेलं औषध नाकारणं हा भेदभाव ठरतो. २०२२ साली न्याय विभागानंही हीच भूमिका लेखी मांडली. त्यामुळे शेरीफांना एक नवा हिशेब करावा लागला. उपचारांवर पैसे खर्च करायचे, की खटल्यांवर?

फाटक थोडं उघडतं

२०१८ च्या एका कायद्यात अमेरिकी संसदेनं केंद्राला सांगितलं, की सुटकेच्या आधीच्या दिवसांत मेडिकेडचा पैसा आत कसा आणता येईल याची दिशा राज्यांना द्या. जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाला पहिली परवानगी मिळाली. सुटकेपूर्वीच्या ९० दिवसांत पात्र कैद्यांना व्यसनावरची औषधं, समुपदेशन, बाहेरच्या केंद्राशी गाठ आणि बाहेर पडताना हातात औषधांचा साठा, हे सगळं मेडिकेडच्या पैशातून. एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांसाठी मार्गदर्शन आलं आणि पाठोपाठ अनेक राज्यं पुढे आली. १ जानेवारी २०२५ पासून अल्पवयीन आणि काही तरुण कैद्यांसाठी सुटकेपूर्वीची तपासणी व मदत देशभर बंधनकारक झाली.

या परवानगीत एक शहाणी अट आहे. तुरुंग आजवर स्वतःच्या पैशानं जे उपचार देत होता त्याचा खर्च आता केंद्र उचलणार असेल, तर वाचलेले पैसे राज्यानं याच लोकांच्या सेवेत पुन्हा घालायचे. केंद्राचा पैसा आत आला आणि त्याच मापानं राज्याचा बाहेर गेला, असं होऊ नये म्हणून.

पण मंजुरी मिळाली म्हणजे पैसा पोचला असं होत नाही. तुरुंगानं विम्याकडे कधी बिलच पाठवलेलं नसतं. सेवापुरवठादार म्हणून नोंदणी, औषधालयाचा परवाना, प्रत्येक सेवेचा सांकेतिक क्रमांक, संगणकप्रणाली, सगळं शून्यापासून उभारायचं. कॅलिफोर्नियानं एवढ्या तयारीसाठीच ४१ कोटी डॉलरची मंजुरी मिळवली. दुसरी अडचण तारखेची. शिक्षा झालेल्याची सुटकेची तारीख ठाऊक असते, तिथून मागे ९० दिवस मोजता येतात. काउंटी तुरुंगातल्या कच्च्या कैद्याला दुपारी जामीन मिळतो आणि रात्री तो रस्त्यावर असतो. त्याच्यासाठी पहिला दिवस हाच शेवटचा धरून कामाला लागावं लागतं.

कंपन्यांनी मोजलेली भरपाई

दुसरा मोठा झरा न्यायालयीन तडजोडींचा. वेदनाशामक अफूजन्य गोळ्या बेसुमार खपवल्याबद्दल राज्यांनी आणि शहरांनी कंपन्यांवर दावे लावले. २०२१ साली तीन मोठे औषध वितरक आणि जॉन्सन अँड जॉन्सन मिळून सुमारे २६ अब्ज डॉलर द्यायला तयार झाले. वितरकांचा वाटा अठरा वर्षांत हप्त्याहप्त्यानं येणार आहे. या करारात पैसे कशावर खर्चावेत याची यादी जोडली आहे आणि कैदेतल्या लोकांवरचे उपचार तिच्या अग्रक्रमाच्या भागात आहेत.

अमेरिकेनं याआधी एकदा हात पोळून घेतले आहेत. १९९८ मध्ये तंबाखू कंपन्यांनी ४६ राज्यांशी २०० अब्ज डॉलरहून मोठी तडजोड केली. त्यातला अगदी थोडा हिस्सा तंबाखू सोडवण्याच्या कामी लागला, बाकीचा राज्यांच्या सर्वसाधारण खर्चात जिरला. यावेळी अटी कडक आहेत, तरी काही ठिकाणी पोलिसांच्या गाड्या आणि उपकरणांवर पैसा गेलाच. शिवाय हप्ते कधीतरी संपणार. संगणक, परवाने, प्रशिक्षण अशा एकदाच लागणाऱ्या खर्चासाठी हा पैसा उत्तम. रोजच्या औषधासाठी विम्यासारखा कायमचा स्रोतच हवा.

आपल्याकडे

भारतात कारागृहं राज्यांच्या अखत्यारीत आहेत आणि गृह खात्याखाली चालतात. व्यसनमुक्ती केंद्रांचं अनुदान केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाकडून येतं. ब्युप्रेनॉर्फिनवर आधारलेले उपचार मुख्यतः सुईनं नशा करणाऱ्यांसाठी, आरोग्य खात्याच्या एचआयव्ही रोखण्याच्या कार्यक्रमातून वाढले. तिहारमध्ये ते २००८ साली सुरू झाले. एका रुग्णासाठी तीन खाती, आणि तो तुरुंगात असेल तर कोणाचा, हे ठरलेलं नाही.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात उपचार केंद्रं उभारण्याची तरतूद आहे, उपचारासाठी स्वतःहून पुढे येणाऱ्या व्यसनी माणसाला संरक्षण आहे, गैरवापर रोखण्यासाठी राष्ट्रीय निधीही आहे. पण आपल्याकडच्या कैद्यांत जवळपास पाऊण हिस्सा कच्च्या कैद्यांचा. त्यांच्या सुटकेची तारीख कोणालाच ठाऊक नसते. तुरुंगाबाहेर मात्र काम उभं राहिलं: पुण्यात येरवड्याला १९८६ साली सुनंदा आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी होती. व्यसन हा आजार आहे, ही समज अशा कामातून मराठी घरांत पोचली. पाटाचं पाणी बांधापर्यंत यावं आणि शेतात शिरू नये, तशी ती तुरुंगाच्या भिंतीशी अडली आहे.

कुठल्याही सरकारनं तुरुंगातल्या व्यसनोपचारांसाठी निधी जाहीर केला, की तीन गोष्टी विचारायला हव्यात. हा पैसा फाटकाबाहेर त्या माणसाबरोबर जाणार आहे का? औषधाबरोबर ते देणाऱ्या माणसांचा पगार त्यात आहे का? आणि पाच वर्षांनी तो कुठून येणार आहे? अमेरिकेला ही उत्तरं शोधायला १९६५ पासून जवळजवळ साठ वर्षं लागली आणि त्याची किंमत सुटकेनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात माणसांनी जिवानिशी मोजली. आपल्याला तेवढी वाट पाहायचं कारण नाही. उपचारांचा पैसा इमारतीच्या नावानं ठेवणं थांबवून रुग्णाच्या नावानं ठेवायचा, एवढा एक निर्णय घेतला तर बाकीचे मार्ग निघू शकतात, हे ऱ्होड आयलंडनं दाखवून दिलं आहे.